पाटीवरचं नाव, पावतीवरचं नाव

कवीला दोन नावं असतात. एक आईवडिलांनी ठेवलेलं, दुसरं त्यानं स्वतः घेतलेलं. आमच्याकडे त्याला तखल्लुस म्हणतात, मराठीत टोपणनाव. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या संयोजकांनी मला मानधनाचा चेक तखल्लुसच्या नावानं लिहून दिला. बँकेतल्या बाईंनी तो हसत परत केला. म्हणाल्या, "सर, या नावाचं खातंच नाही." ज्या नावाला टाळ्या पडल्या, त्याला पैसे काही मिळेनात!

दुकानांचंही असंच असतं, मित्रहो. पाटीवर असतं ते दुकानाचं टोपणनाव. देण्याघेण्याची जबाबदारी मात्र कागदावरच्या नावाची. माझ्या आपाला हे फार उशिरा कळलं.

भाचीच्या लग्नासाठी आपानं शहरातल्या एका दुकानात पलंग आणि कपाट सांगितलं. शिवणकामातून साठवलेले तीस हजार रुपये आगाऊ दिले, पावती घेतली. महिन्याभरानं गेली, तर पाटी बदललेली. आतला माणूस म्हणाला, "ते दुकान बंद झालं. हे वेगळं आहे." आम्ही पावतीवरच्या नावानं रजिस्टर पत्र पाठवलं. ते 'या नावाचे दुकान नाही' असा शेरा घेऊन परत आलं. आपा म्हणाली, "भाई, नावच गेलं, आता पैसे कुणाकडे मागू?"

याचं उत्तर धंद्याच्या प्रकारावर अवलंबून असतं. बाजारातली बरीचशी दुकानं एकट्या मालकाची असतात. तिथे दुकान आणि मालक कायद्याच्या नजरेत एकच. दुकानाचं नाव म्हणजे अंगातला कोट. कोट बदलला म्हणून माणसाचं देणं फिटत नाही. भागीदारी असेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला सगळे भागीदार बांधलेले असतात. प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड कंपनी मात्र स्वतःच एक स्वतंत्र व्यक्ती मानली जाते. देणं कंपनीचं, आणि सहसा मालकाच्या घरादारापर्यंत ते पोचत नाही. म्हणून 2013 च्या कंपनी कायद्यानं बिलावर आणि पत्रावर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि ओळख क्रमांक छापणं बंधनकारक केलं आहे.

दोन नावं असण्यात लबाडी नाही बरं का. दुधाच्या पिशवीवर आपण 'गोकुळ' वाचतो. संस्थेचं नाव आहे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. एवढं लांब नाव घेऊन दूध कोण मागणार? सोपं नाव गिऱ्हाइकासाठी, पूर्ण नाव व्यवहारासाठी.

मग पूर्ण नाव शोधायचं कसं? आपाच्या पावतीवर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक होता. तिच्या मुलानं तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला. त्याला पैसे पडत नाहीत. तिथे दोन रकाने दिसतात, 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम'. लीगल नेमच्या रकान्यात एका माणसाचं नाव निघालं. ज्याला आम्ही नुसतं 'सेठ' म्हणून ओळखत होतो, तोच हा!

या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची 27. पुढची दहा म्हणजे पॅन क्रमांक. संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर नीट पाहा. 'पी' असेल तर एकटा माणूस, 'एफ' असेल तर पेढी, 'सी' असेल तर कंपनी. नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं आणि क्रमांक दारावरच्या पाटीवरही लिहावा लागतो. नव्या दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं होतंच. भाच्यानं पावती शेजारी धरली. पंधराही अक्षरं तीच.

दुसरं पत्र आम्ही त्या माणसाच्या नावानं पाठवलं. नावापुढे 'प्रोप्रायटर' लिहिलं आणि खाली जुन्या व नव्या, दोन्ही पाट्यांची नावं घातली. या वेळी पत्र परत आलं नाही. दोन हप्त्यांत पैसे आले. न येते, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही याच नावानं करता आली असती.

छोट्या दुकानदाराकडे जीएसटी क्रमांक नसेलही. तेव्हा मालकाचं पूर्ण नाव पावतीवर लिहून, सही घ्या. चेक देण्याआधी तो कुणाच्या नावानं काढायचा हे विचारा, आणि ते नाव पावतीवर आहे का पाहा. विचारण्यात अविश्वास नाही. सरळ दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

2023 साली आमच्या शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणून इथल्या कुणाचं जुनं कर्ज माफ झालं नाही, की कुणाचं जुनं खरेदीखत रद्द झालं नाही. दुकानाच्या पाटीचंही तसंच आहे. आपा हल्ली भाजीवाल्याला सोडून सगळ्यांना पूर्ण नाव विचारते.