पियानोवाल्यांचं ग्लायडर आणि बिशपचा वारा

मे 2024मध्ये खवळलेल्या हवेत सापडलेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात छतातून लोंबणारे ऑक्सिजन मास्क आठवडाभर टीव्हीवर दिसत राहिले. तो हादरा नेमका कशाचा, ते शोधणं चौकशीचं काम. पण असली हवा मुद्दाम हुडकत जाणारी माणसंही एके काळी होती, आणि त्यांच्या विमानांना इंजिनच नव्हतं.

कॅलिफोर्नियातलं बिशप हे ओवेन्स खोऱ्यातलं, सुमारे 4,100 फुटांवरचं रखरखीत गाव. पश्चिमेला सिएरा नेवाडाची रांग, तिच्यात 14,505 फुटांचा माउंट व्हिटनी. पॅसिफिककडचा सोसाट्याचा वारा ही रांग ओलांडून खोऱ्यात कोसळतो आणि पुन्हा उसळी मारतो. ही लाट शिखरांच्या कितीतरी वर जाते. तिच्या चढत्या अंगाला, वाऱ्याकडे तोंड करून राहिलं की ग्लायडर जवळजवळ जागच्या जागी वर चढत जातं. तिथली हवा अगदी शांत. खाली लाटेच्या पोटात मात्र हवेचा भोवरा गरगरत असतो. त्याला रोटर म्हणतात, आणि लाट गाठायची तर बहुतेक वेळा त्याच्याशी गाठ पडतेच.

या लाटेच्या अभ्यासासाठी बिशपलाच चाललेल्या 1951-52च्या ‘सिएरा वेव्ह’ प्रकल्पात पैसा अमेरिकी हवाई दलाचा, शास्त्रज्ञ यूसीएलए विद्यापीठाचे आणि ग्लायडर उडवणारे हौशी. ग्लायडर होतं ‘प्रॅट-रीड’. ही कंपनी मूळची पियानोचे सुटे भाग करणारी. महायुद्धात तिने नौदलाला लाकडी पंखांची, दोघं शेजारी बसतील अशी ग्लायडरं करून दिली होती. त्यातल्याच एकात बसून 19 मार्च 1952 रोजी लॅरी एडगर आणि हॅरल्ड क्लीफोर्थ 44,255 फुटांवर पोचले. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, भिस्त सगळी ऑक्सिजनच्या मास्कवर.

तीन वर्षांनी, 25 एप्रिल 1955ला, एडगर एकटाच रोटरच्या ढगात सापडला. सुमारे 16 जी इतक्या झटक्याने ग्लायडरचे तुकडे झाले आणि तो बाहेर फेकला गेला. डोळ्यांपुढे अंधार. तशातच त्याने पॅराशूट उघडलं आणि तो जिवंत खाली उतरला. डोंगराआडची हवा काय करू शकते याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा नसेल. तरी 1966 साली फुजी पर्वताजवळ अशाच हवेत बीओएसी या विमान कंपनीचं बोइंग 707 मोडून पडलं, 124 माणसं गेली.

उंचीची चढाओढ पुढेही चालू राहिली. पॉल बिकल हा नासाच्या एडवर्ड्स केंद्राचा प्रमुख, एक्स-15 या रॉकेट विमानाच्या चाचण्या त्याच्या देखरेखीखाली होत. 25 फेब्रुवारी 1961, शनिवार. त्या दिवशी हा गडी लँकेस्टरहून एकट्याच्या ग्लायडरमध्ये 46,267 फुटांवर जाऊन आला. तो विक्रम 25 वर्षं टिकला. 2018मध्ये अर्जेंटिनात ‘पर्लान 2’ने 76,000 फूट ओलांडले, त्याला दाबबंद केबिन आणि एअरबसचं पाठबळ होतं. कौतुक आहेच, पण मला विचाराल तर बिकलची ती शनिवारची भरारी जास्त मोलाची. आणि त्याहून मोलाचं काम बिशपवाल्यांचं, कारण विक्रमाचा उपयोग विक्रमवीराला, रोटरच्या अभ्यासाचा तुम्हा-आम्हाला.

तेव्हा लेहच्या विमानात हिमालय ओलांडताना सीटबेल्टचा दिवा विझला, तरी पट्टा सोडू नका.