मोगऱ्याला कात्री लावा

मोगरा वर्षानुवर्षं जगतो, पण फुलतो नव्या फुटव्यांवर. कळ्या येतात त्या कोवळ्या शेंड्यांना. म्हणून जानेवारीअखेर, थंडी ओसरू लागली की पाणी थोडं तोडायचं आणि झुडूप निम्म्यावर छाटायचं. जीव कळवळतो खरा! पण शेंडा गेला की तिथून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि पेरापेरावरचे सुप्त डोळे फुटू लागतात. मग मूठभर शेणखत, भरपूर ऊन. नत्राचं खत मात्र हात राखून, नाहीतर नुसता पाला माजतो. भरगच्च पाकळ्यांच्या जातींना बी सहसा धरत नाही. नवं रोप हवं तर पावसाळ्यात खालची फांदी वाकवून मातीत दाबा. तिथंच मुळं फुटतात.