यंत्रावर विश्वास, की स्वभावाचा खेळ?

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये बराच गाजला. प्रयोगात भाग घेणाऱ्याला एका खोलीपर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच रोबोटचं काम. काही जणांसमोर तो मुद्दाम चुकला. भलत्याच खोलीत शिरून तिथेच गोल गोल फिरला. थोड्या वेळाने बाहेर कृत्रिम धूर सोडला गेला आणि आगीची घंटा वाजली. दार उघडून पाहावं, तर समोर तोच रोबोट. ज्या दाराने माणसं इमारतीत आली होती त्यावर ‘बाहेर’ अशी ठळक पाटी होती. रोबोट मात्र मागच्या, अनोळखी दाराकडे बोट दाखवत होता. सगळेच्या सगळे २६ जण त्याचं ऐकून निघाले!

याच्या नेमकं उलट चित्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०१५ च्या संशोधनात दिसलं. अंदाज बांधणारा अल्गोरिदम चुकताना पाहिला की तो लोकांच्या मनातून उतरे. माणसाचे अंदाज त्याहून जास्त चुकतात, हे डोळ्यांनी पाहूनही लोक माणसाकडेच वळत. माणसाची चूक आपण पोटात घालतो, यंत्राची नाही.

प्रसंग वेगळे, म्हणून वागणं वेगळं हे खरंच. पण प्रसंग आणि यंत्र एकच असलं तरी माणसं सारखी वागत नाहीत. स्टेफनी मेरिट आणि डॅनियल इल्गेन यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. बॅगांच्या क्ष-किरण चित्रांत शस्त्र लपलंय का, हे २५५ विद्यार्थ्यांना ओळखायचं होतं. मदतीला एक स्वयंचलित यंत्रणा होती. यंत्रणेची कामगिरी तंतोतंत सारखी असतानाही कुणाला ती भरवशाची वाटली, कुणाला बेभरवशाची. विद्यार्थी किती बहिर्मुख आहे आणि यंत्रांवर विसंबण्याकडे त्याचा मुळातच किती कल आहे, हे लक्षात घेतलं की तो यंत्राची मदत घेईल का, याचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असं त्यांना आढळलं. शिवाय विश्वासही दोन प्रकारचा निघाला: एक वापरण्याआधीचा, स्वभावातून आलेला, दुसरा अनुभवातून कमावलेला.

मानसशास्त्रात स्वभाव मोजण्यासाठी पाच गुण धरतात: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि चिंतातुरपणा. नव्याची ओढ असलेले आणि जुळवून घेणारे लोक यंत्रावर लवकर विश्वास टाकतात, चिंतातुर माणसं हात आखडता घेतात, असा साधारण कल अनेक अभ्यासांत दिसतो. अर्थात, हा कल आहे, नियम नव्हे.

यात धोका दोन्हीकडे आहे. राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की यंत्रावर अति विसंबणं जितकं घातक, तितकंच चांगलं यंत्र अडगळीत टाकणंही. दुसऱ्या धोक्यावर मात्र एक साधा उपाय आहे. यंत्राने दिलेल्या अंदाजात थोडासा बदल करायची मुभा मिळाली, तरी लोक तो वापरायला अधिक तयार होतात, असं पेनसिल्व्हेनियाच्याच संशोधकांनी पुढे दाखवून दिलं.

तेव्हा आजारपण, पैसा किंवा शेतीबद्दल एआयला काही विचाराल, तेव्हा आधी स्वतःचा स्वभाव ओळखा. चटकन विश्वास बसत असेल, तर उत्तर दुसरीकडे पडताळून घ्या. मुळातच संशयी असाल, तर एका चुकीवरून निकाल देऊ नका. दहा उत्तरं तपासा आणि मग ठरवा.