गळ्यातले नख आणि गीरचा सिंह

घोडपदेवला माझ्या वर्गात एके दिवशी सातवीतला मुलगा गळ्यात चांदीत मढवलेले नख घालून आला. विचारले तर छाती फुगवून म्हणाला, “सर, शेरचं आहे. नजर लागू नये म्हणून नानींनी दिलंय.”

आपल्या घरांत वाघही शेर आणि सिंहही शेर. चोरट्या बाजारालाही हा फरक नकोच असतो. परदेशात औषधाच्या नावाखाली वाघाच्या हाडांना मोठी किंमत येते. सिंहाची हाडे तशीच दिसतात, म्हणून तीही वाघाची म्हणून खपवली जातात. 2007 मध्ये गुजरातच्या गीरमध्ये मारलेले सिंह सापडले, तेव्हा त्यांची नखे आणि हाडे काढून नेलेली होती. तपासात मध्य प्रदेशातील टोळी पकडली गेली आणि तिला शिक्षाही झाली.

आशियाई सिंह आज जगात फक्त गीर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात मोकळा फिरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो संपण्याच्या बेतात होता. जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर बंधने घातली, म्हणून तो वाचला. 2020 मध्ये सिंहांची संख्या 674 होती, 2025 च्या गणनेत ती 891 झाली. पण सगळी जात एकाच मुलखात असल्याने धोका टळलेला नाही.

शिकारी जंगलात फासा लावतो तो गिऱ्हाईक आहे म्हणून. नखांचे गिऱ्हाईक आपल्या गल्लीतही असते. बाजारात मिळणारी बरीच नखे गुरांच्या शिंगांची किंवा खुरांची, म्हणजे बनावट असतात. पण खोट्याची हौसही खऱ्याची मागणी वाढवतेच. नख खरे निघाले, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षांची कैद होऊ शकते.

दीनचे म्हणणेही स्पष्ट आहे. जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे पवित्र कुरआन सूरह अल-अनआममध्ये सांगते. हिंस्र पशूंची कातडी वापरण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याच्या हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहेत. गंडे-मणी बांधून त्यांच्यावर भरवसा ठेवण्यालाही हदीसमध्ये सक्त मनाई आहे. मग एका मुक्या जिवाचे नख आपल्या लेकराची हिफाजत कशी करणार?

मुलाच्या अम्मीला बोलावून हे सगळे सांगितले. कैदेचे ऐकून त्या घाबरल्या. “सर, गटारात फेकून देऊ का?” म्हणाल्या. मी म्हटले, “फेकू नका, विकू तर मुळीच नका. वनखात्याला कळवा.” महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. कुठे नखे, दात, कातडी विकताना दिसली तरी तिथेच कळवावे.

आता त्या मुलाचा गळा मोकळा आहे. परीक्षेला निघताना अम्मी आयतुल कुर्सी पढून त्याच्यावर दम करतात. गीरच्या सिंहासाठी घोडपदेवहून एवढे तरी नक्कीच करता येते.