घरी ठेवलेली नोंद, वेळेवर मिळालेले उपचार
(वृद्ध श्वसनविकारग्रस्तांसाठी दूरस्थ निरीक्षण)

वृद्ध रुग्णास तातडीच्या विभागात आणले जाते, तेव्हा "रात्रीपासून धाप लागली आहे" असे नातेवाईक सांगतात. अधिक विचारपूस करता कळते, की धाप चार दिवसांपूर्वीच वाढली होती आणि कफाचा रंगही बदलला होता. परंतु 'वयोमानाने असे व्हायचेच' म्हणून सर्वांनी वाट पाहिली. हे चार दिवस वाया जाऊ नयेत, हाच घरच्या घरी केलेल्या निरीक्षणाचा हेतू होय.

सीओपीडी या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी ज्यांनी कधी विडीला स्पर्शही केला नाही, पण आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केला, अशा स्त्रियांनाही तो जडतो. हा आजार मधूनमधून उचल खातो आणि अशा प्रत्येक वेळी फुप्फुसांची उरलीसुरली शक्ती आणखी घटण्याची भीती असते. धाप वाढणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफ पिवळा वा हिरवा होणे, ही उचल ओळखण्याची तीन मुख्य लक्षणे आहेत.

नोंद कशी ठेवावी?

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर २०२० च्या कोविड साथीत अनेक घरांत पोहोचला. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो : लाल व अवरक्त प्रकाश बोटातून किती पार होतो, यावरून रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणाचा अंदाज येतो. पाच मिनिटे शांत बसून, बोट उबदार असताना, रोज ठरावीक वेळी मोजणी करावी. नखांवर रंग किंवा मेंदी नसावी. गडद त्वचेवर हे यंत्र काही वेळा प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवते. म्हणून आकडा चांगला असूनही धाप वाढली असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा.

निरोगी माणसात हा आकडा साधारणतः ९५ च्या वर असतो. सीओपीडीच्या रुग्णात मात्र प्रकृती स्थिर असतानाही तो ९१-९२ असू शकतो. यास्तव शेजाऱ्याच्या आकड्याशी नव्हे, तर स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करावी. किती घट झाल्यास कळवायचे, हे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घ्यावे.

यंत्राची मर्यादा

स्कॉटलंडमधील लोदियन भागात २५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना वैद्यकीय सेवा सारखीच होती. एका गटाच्या घरी निरीक्षणाची यंत्रणाही बसविली होती. तरीही त्या गटाचे रुग्णालयात दाखल होणे लांबले नाही. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. पण यंत्र म्हणजे उपचार नव्हे, हे स्पष्ट होते. नोंद पाहणारी परिचारिका, तिचा दूरध्वनी आणि त्याच दिवशी मिळणारा डॉक्टरांचा सल्ला, ही साखळी तुटली तर वहीतील आकडे वहीतच राहतात.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. आकडा घसरला म्हणून घरातील ऑक्सिजनचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये. काही रुग्णांत अतिरिक्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड शरीरात साठतो आणि गुंगी येते. अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ हीच योग्य पातळी मानली जाते.

ओठ निळसर होणे, गुंगी येणे, किंवा एक वाक्यही सलग बोलता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास नोंदीत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील वृद्ध आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. रोज सकाळी दोन मिनिटे त्यांच्याजवळ बसून "आज श्वास कसा आहे?" असे विचारणे, हे या निरीक्षणाचे पहिले आणि बिनखर्चाचे साधन आहे.