अजिंठ्याच्या रंगांचे रसायन

अजिंठ्याच्या लेण्यांत काळ्या कातळावर आधी मातीचा गिलावा चढवलेला आहे. मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात या थरांचे रासायनिक परीक्षण करून ही पद्धत युरोपीय फ्रेस्कोपेक्षा वेगळी असल्याचे दाखवले. फ्रेस्कोत ओला चुना सुकताना रंगकणांना स्वतःत बांधून घेतो. इथे रंग केवळ चिकट द्रव्यावर टिकून आहेत. हा फरक पुस्तकी नाही. फ्रेस्कोवर चालणारी ओली सफाई इथे रंगच उचलून नेऊ शकते. म्हणून चित्र कशाचे बनले आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये, हा संवर्धन रसायनशास्त्राचा पहिला नियम.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांची पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि या कामाला संस्थेत स्थान मिळाले. पुढे या विज्ञान शाखेचे मुख्यालय डेहराडूनला गेले. त्या काळी नमुना आम्लात विरघळवून तपासणे हाच मार्ग होता. नमुना संपला की पुरावाही संपला. आज अनेक तपासण्या भिंतीला स्पर्श न करता होतात, आणि नमुना घ्यावाच लागला तर तो मोहरीच्या दाण्याहून लहान, तोही आधीच तडकलेल्या कडेवरून घेतला जातो.

सर्वांत सोयीचे साधन म्हणजे हातात धरता येणारे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते. काही सेकंदांत यादी तयार. पण अजिंठ्यात ही यादी फसवी ठरते. तांबड्या गेरूत लोह, पिवळ्या मातीत लोह, हिरव्या मातीतही लोहच. तिन्ही रंगांवर यंत्र जवळपास एकच उत्तर देते. गेरूतले हेमेटाइट आणि पिवळ्या मातीतले गोथाइट यांतला भेद मूलद्रव्याचा नाही, संयुगाचा आहे. तो क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपटातूनच उलगडतो. टायटॅनियमचेही तसेच. इतरत्र हे मूलद्रव्य रंगात सापडले की १९२०च्या सुमारास बाजारात आलेल्या टायटॅनियम पांढऱ्याचा, म्हणजे अलीकडच्या डागडुजीचा, संशय घेतला जातो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आणि त्यापासून झालेल्या मातीत टायटॅनियम मुळातच भरपूर असते. युरोपातल्या प्रयोगशाळेचा ठोकताळा इथे जसाच्या तसा लावला, तर अस्सल गिलावाही अलीकडचा वाटेल.

बहुतेक रंग स्थानिक आहेत. हिरवी माती याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळते. काळा रंग काजळीचा. निळा मात्र लाजवर्दाचा, आणि तो खडा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला. पाचव्या शतकातल्या, वाकाटककालीन चित्रांत तो दिसतो. लाजवर्द सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचा बनलेला असल्याने हातातल्या यंत्राला तो नीट दिसत नाही. रामन वर्णपटात मात्र ५४८ सेंमी⁻¹ च्या आसपासची गंधकाची रेषा त्याची ओळख पटवते. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम अजिंठ्याच्या निळ्याची साक्ष देतो, हा योग सुंदरच म्हणायचा. कृत्रिम लाजवर्दी रंग १८२८ नंतर आला. त्याचा वर्णपट अस्सल खड्यासारखाच असतो. तेव्हा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो: दळलेल्या खड्याचे कण ओबडधोबड आणि कॅल्साइट, पायराइट यांच्या सोबतीचे, कारखान्यातले बारीक व एकसारखे.

खरी गुंतागुंत मूळ रंगांपेक्षा नंतरच्या लेपांची आहे. एकोणिसाव्या शतकात नकला उतरवताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश फिरवले गेले. १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन संवर्धकांनी सुटणारे रंग धरून ठेवण्यासाठी लाख वापरली. हेतू चांगला होता आणि पुष्कळ चित्रे त्यामुळे वाचलीही. पण लाख जुनी झाली की पिवळसर-तपकिरी होते, तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि अल्कोहोललाही ती सहज दाद देत नाही. अतिनील प्रकाशात ती नारिंगी चमकते, त्यामुळे तिची व्याप्ती रेखाटता येते. अवरक्त वर्णपटात लाखेच्या एस्टरच्या आणि सरसातल्या प्रथिनांच्या खुणा वेगवेगळ्या उमटतात. लाख काढताना सरसाला धक्का लागतो आहे का, हे त्यावरून पाहता येते.

गिलाव्यातील तूस व तंतू हे कसरीसारख्या किड्यांचे खाद्य. अजिंठ्याची सुमारे २५ टक्के चित्रे किड्यांनी नष्ट केल्याचा अंदाज पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठाचे एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये मांडला. त्यांनी वेरूळचा गिलावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटाने तपासला, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. बहुधा त्यामुळेच वेरूळला किडीचे असे नुकसान झालेले नाही.