टाके काढल्यानंतरची पाच वर्षे

नागपुरात १९८० पासून कर्करोगाच्या रुग्णांची रीतसर नोंदणी होते. शहरातल्या स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. उपचारांची सोयही वाढली आहे. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आधीपासून होतेच, त्यांत आता जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मिहानमधले एम्स यांची भर पडली. त्यामुळे गोंदिया, यवतमाळ, गडचिरोलीच नव्हे, तर बालाघाट आणि छिंदवाड्याच्या बायकाही शस्त्रक्रियेसाठी इथेच येतात. शस्त्रक्रिया होते, केमो आणि शेक (रेडिएशन) पूर्ण होतो, आणि बाई गावी परतते. घरच्यांच्या दृष्टीने आजार संपलेला असतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र उपचाराचा सर्वांत लांब टप्पा तिथून सुरू होतो. तो पाच ते दहा वर्षांचा असतो आणि जवळजवळ सगळा तिच्या गावात, तिच्या घरात पार पडायचा असतो. आपण त्याला ‘फॉलोअप’ म्हणतो आणि दुय्यम मानतो. माझ्या मते या टप्प्याला पूर्ण उपचाराचा दर्जा मिळायला हवा आणि त्याची जबाबदारी तालुक्याच्या पातळीवर यायला हवी. त्यासाठी लागणारा पुरावा गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमा झालेला आहे.

शस्त्रक्रियेने आजार का संपत नाही, हे कळायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी असे सगळे एकत्र काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. कर्करोग एका जागेतून हळूहळू शेजारी सरकतो, म्हणून जितके जास्त कापावे तितकी बाई सुरक्षित, असा त्यामागचा विचार होता. पुढे अमेरिकेतलेच शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांनी तो तपासायला घेतला. १९७१ साली सुरू झालेल्या चाचणीत त्यांनी १,६०० हून अधिक स्त्रियांमध्ये मोठ्या आणि लहान शस्त्रक्रियांची तुलना केली, आणि पंचवीस वर्षांनंतरही जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांच्या चाचणीत स्तन वाचवून शेक दिला. तिथेही वीस वर्षांनी निकाल तोच आला. याचा अर्थ असा की कोणत्या बाईचे आयुष्य किती, हे पुष्कळदा सुरीच्या आवाक्याबाहेरच्या पेशी ठरवतात. गाठ हाताला लागण्यापूर्वीच काही पेशी रक्तातून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जाऊन बसलेल्या असू शकतात. कोणत्याही स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत. केमो त्यांच्यासाठी असतो. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक असतील, तर रोजची गोळीही त्यांच्यासाठीच असते.

ही गोळी, टॅमॉक्सिफेन किंवा पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांना दिली जाणारी लेट्रोझोल वा अ‍ॅनास्ट्रोझोल, दिसायला साधी असते आणि काही रुपयांत मिळते. कदाचित त्यामुळेच तिचे मोल घरात कळत नाही. वीस चाचण्यांतल्या २१,००० हून अधिक स्त्रियांची माहिती २०११ मध्ये एकत्र मांडली गेली. अशा ग्राहक असलेल्या गाठींत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. गोळी पाचव्या वर्षी थांबते, पण तिचे संरक्षण पुढेही टिकते. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. पाच वर्षे गोळी पूर्ण केलेल्या ६२,९२३ स्त्रियांच्या २०१७ च्या विश्लेषणात आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका विसाव्या वर्षापर्यंत संथपणे चालूच असल्याचे दिसले. या प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षे निजलेल्या राहतात. म्हणून ‘दोन वर्षे झाली, काही त्रास नाही, आता गोळी कशाला’ हा घरोघरी केला जाणारा हिशेब चुकतो. त्रास नसणे हा इथे पुरावा ठरत नाही.

तरीही गोळी सुटते, आणि ती फक्त अडाणीपणामुळे सुटते असे समजणे अन्यायाचे आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या, विमा असलेल्या आणि दवाखाना हाताशी असलेल्या ८,७६९ स्त्रियांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेला काळ नियमितपणे पूर्ण करणाऱ्या त्यांत फक्त ४९ टक्के निघाल्या. मग गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या बाईला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? गोळी सुटण्याचे कारण बहुतेक वेळा शरीरात असते. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना आणि कूलर चालायला वीज नसताना, ही तक्रार सहन होण्यापलीकडे जाते. लेट्रोझोलने सांधे धरतात, सकाळी मुठी वळत नाहीत. बाई हे कुणाला सांगत नाही, कारण जीव वाचला असताना सांध्यांची कुरकूर काय करायची, असे तिला वाटते. एक दिवस ती गोळी मुकाट्याने बंद करते. खरे तर या त्रासांवर उपाय आहेत. सांधेदुखी असलेल्या १२१ स्त्रियांच्या एका चाचणीत वर्षभर नियमित चालणे आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम केल्यावर सर्वांत तीव्र वेदना सुमारे २९ टक्क्यांनी उतरली. एक गोळी सोसत नसेल तर दुसरी देता येते. पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून रक्त गेले, किंवा पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर मात्र वाट पाहायची नसते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे असते. हे सगळे विचारायला आणि सांगायला महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी भेटावे लागते. सहा महिन्यांनी नागपुरात, दोनशे रुग्णांच्या रांगेत मिळणाऱ्या तीन मिनिटांत हे बोलणे होत नाही.

हाताच्या बाबतीत तर आपण उलटेच शिकवत आलो. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातला द्रव परत नेणाऱ्या वाटा तुटतात. ग्रंथी पूर्ण काढलेल्या दर पाच स्त्रियांपैकी साधारण एकीच्या हाताला पुढे कायमची सूज येते. निवडक एक-दोन ग्रंथीच तपासल्या असतील, तर हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येते. त्या भीतीने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की या हाताने बादली उचलू नका, पीठ मळू नका, काम करू नका. हात जपावा हा हेतू चांगला होता, पण त्याला पुरावा नव्हता. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी नेमके हेच तपासले. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना त्यांनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, हलक्या वजनापासून सुरुवात करून सावकाश वाढवत वजने उचलायला दिली. सूज बळावण्याचे प्रमाण वजने न उचलणाऱ्यांत २९ टक्के होते, उचलणाऱ्यांत १४ टक्के. सूज अजून न आलेल्या १५४ स्त्रियांच्या पुढच्या चाचणीतही नव्याने सूज येण्याचे प्रमाण व्यायामाच्या गटात वाढले नाही, उलट कमीच दिसले. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते लसिकेला पुढे ढकलतात, म्हणून ताकद कमावलेला हात रोजच्या ओझ्याने कमी थकतो. ब्रिटनमध्ये खांदा आखडण्याचा धोका असलेल्या ३९२ स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिला. वर्षानंतर त्यांचा हात अधिक चालत होता, दुखणे कमी होते, आणि जखमेच्या तक्रारी किंवा सूज वाढलेली नव्हती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. व्यायामशाळेतले मोजूनमापून वाढवलेले वजन वेगळे आणि पऱ्हाटीच्या शेतात दिवसभर वाकून केलेली वेचणी किंवा भंडाऱ्याच्या बांधीतली रोवणी वेगळी. फरक खराच आहे, आणि चाचण्यांचा धडाही तोच सांगतो. अचानक पडणारे, न सवयीचे ओझे हाताला सोसत नाही. हळूहळू चढवलेले सोसते. म्हणून शेतमजूर बाईला ‘काम बंद’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण ती मजुरी सोडू शकत नाही. तिला हंगामाच्या दोन-तीन महिने आधी हात तयार करून द्यायला हवा. शिवाय बोंडाच्या वाळलेल्या टोकदार कडांनी बोटांना ओरखडे पडतात आणि त्यांतून शिरणारा जंतुसंसर्ग हे सुजेचे एक मोठे कारण आहे. ६३२ स्त्रियांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात त्या हाताचा रक्तदाब मोजणे, रक्त काढणे, इंजेक्शन देणे यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. हातातला जंतुसंसर्ग, वाढलेले वजन आणि ग्रंथी पूर्ण काढलेल्या असणे यांचा मात्र आढळला. वेचणीला हातमोजा घालणे, ओरखडा साबणाने धुणे, आणि हात लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करणे, यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवे, आणि तिथल्या डॉक्टरला त्याची घाई का आहे हे ठाऊक असायला हवे.

दुसरा आक्षेप कुटुंबांकडून येतो, आणि त्यामागे माया असते. गावात ठेवून धोका कशाला घ्यायचा, दर सहा महिन्यांनी नागपुरात नेऊन सगळे स्कॅन करून घेतले म्हणजे मन शांत राहते. कित्येक घरे त्यासाठी कर्ज काढतात. हा प्रश्न इटलीत दोन मोठ्या चाचण्यांनी तपासला आणि १९९४ मध्ये निकाल आले. एकीत १,३२० आणि दुसरीत १,२४३ स्त्रिया होत्या. काहींना ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशा तपासण्या केल्या, बाकीच्यांची नियमित तपासणी आणि मॅमोग्राफी तेवढी केली. जास्त तपासण्यांमुळे कुणाचे आयुष्य वाढले नाही. कारण वाईट असले तरी स्पष्ट आहे. आजार दूरच्या अवयवांत पसरल्याचे दोन महिने आधी कळले, म्हणून तो बरा होण्याजोगा होत नाही. उरलेल्या किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ आली, तर ती मात्र लवकर कळल्याचा खरा उपयोग होतो, आणि त्यासाठी वर्षातून एक मॅमोग्राफी लागते. हाडात सतत राहणारे आणि रात्री वाढणारे दुखणे, न थांबणारा खोकला, धाप, कावीळ, नवी गाठ, अशी लक्षणे दिसली तर त्या त्या अवयवाची तपासणी तातडीने करायची. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅनवर होणारा खर्च चांगला आहार, प्रवास आणि गोळ्या यांवर झाला, तर बाईला त्याचा फायदा जास्त.

मग ही देखरेख गावाजवळच्या डॉक्टरने केली तर चालेल का? कॅनडातल्या ९६८ स्त्रियांवरच्या २००६ च्या चाचणीने याचे थेट उत्तर दिले. निम्म्यांची पुढची तपासणी कर्करोग केंद्रात झाली, निम्म्यांची त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे. आजार उलटण्याशी संबंधित गंभीर घटना केंद्राच्या गटात ३.७ टक्के, नेहमीच्या डॉक्टरांच्या गटात ३.५ टक्के. त्या डॉक्टरांना देखरेखीचे एक पानी टिपण तेवढे दिले होते. कॅनडाचा डॉक्टर आणि धानोऱ्याचा वैद्यकीय अधिकारी यांची तुलना करू नये, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे पदे रिकामी असतात, बदल्या होतात, बाई डॉक्टर नसते म्हणून छाती तपासून घ्यायला संकोच वाटतो, हे सगळे खरे आहे. पण आज त्या बाईला पर्याय म्हणून काय मिळते, ते पाहा. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि सिरोंच्याहून त्याच्या दुपटीपेक्षाही जास्त. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते आणि रेल्वेतही कर्करुग्णांना सवलत आहे, पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याचा किंवा मुलाचा दिवस कुणी भरून देत नाही. तज्ज्ञाची न होणारी भेट आणि साध्या डॉक्टरची होणारी भेट यांतून निवड करायची असेल, तर मी दुसरी निवडेन. तपासणीला स्त्री हवी हा मुद्दा तर गाव-तालुक्याच्या बाजूचाच आहे. आशाताई, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर झाले. ती केवळ केमोची सलाइन लावण्यापुरती राहिली, तर या लांब टप्प्याला त्यांचा उपयोग होणार नाही. तिथे फिजिओथेरपिस्टचा ठरावीक वार हवा, हाताच्या मापाची दाबपट्टी मिळायला हवी, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायला हव्यात, आणि नागपूरच्या रुग्णालयाने सुट्टी देताना मराठीत लिहिलेले एक पान बाईच्या फाइलमध्ये लावलेले हवे. त्यात गाठीचा प्रकार, गोळीचे नाव आणि ती संपण्याचे वर्ष, पुढच्या मॅमोग्राफीचा महिना, कोणत्या लक्षणाला कुठे जायचे आणि रुग्णालयाचा दूरध्वनी एवढे असले तरी पुरे. नागपूरच्या तज्ज्ञाकडे मग जाण्याची कारणे थोडी आणि नेमकी उरतील: लक्षण दिसणे, गोळी अजिबात न सोसणे, आणि पाचव्या वर्षी ती थांबवायची की दहापर्यंत न्यायची हा निर्णय. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, त्यामुळे पाचव्या वर्षीही पुष्कळ स्त्रियांची पन्नाशी उलटलेली नसते. दहा वर्षे गोळी घेतल्याने मृत्यू आणखी कमी होतात हे ६,८४६ स्त्रियांच्या चाचणीत दिसले आहे, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा थोडा वाढता धोकाही त्यासोबत येतो. तो तोल पाहायला अनुभवी डॉक्टर आणि घाई नसलेला अर्धा तास लागतो, आणि साध्या तपासण्यांची गर्दी तालुक्यात थांबली तर नागपूरच्या ओपीडीत तो सापडू शकतो.